तुटांक

नऊ नंबरच्या जर्सीपुढं अठ्ठ्याऐंशी हा आकडा उमटला तेव्हा गिरिजानं आधी मशीन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. आकडा तोच आला. मग तिनं कालच्या सरावातली एकेक उडी वेगळी काढून तपासली, मॅटच्या त्या भागातला एखादा धागा तुटलाय का तेही पाहिलं. धागे शाबूत होते. नऊ नंबर म्हणजे बसवराज म्हेत्रे, ‘पंचगंगा फायटर्स’ या कबड्डी संघाचा पहिला चढाईपटू आणि गिरिजाचा धाकटा दीर.

लग्न होऊन ती इचलकरंजीच्या त्या घरात आली तेव्हा बसू तेरा वर्षांचा होता. सासरे आधीच गेलेले. नवरा मल्लिनाथ दिवसभर मागांच्या खोलीत, सासूबाई चुलीपुढं. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. खेळून आलेल्या बसूच्या फुटलेल्या ढोपरांना हळद लावायचं काम नव्या सुनेकडं आलं आणि पुढची कितीतरी वर्षं ते तिच्याकडंच राहिलं.

मॅटची सुरुवातही त्याच घरातल्या सहा मागांवर झाली. गिरिजा कापडाच्या तंत्राची इंजिनिअर. दाबला किंवा ताणला की ज्यातून अगदी बारीकशी वीज निघते असा एक धागा तिनं कॉलेजात हाताळला होता. असे हजारो धागे उभे-आडवे विणले तर पाऊल कुठं पडलं, किती जोरात पडलं आणि नेमकं कोणत्या क्षणी पडलं, हे कापडच सांगू शकतं. मल्लिनाथनं तिच्या शब्दाखातर दोन माग बदलून घेतले. पहिली मॅट विणायला दोघांना पाच महिने लागले. ‘दमदार स्पोर्ट्स’ या वाहिनीनं ती उचलली आणि गिरिजाला नोकरीही दिली. वाहिनीला हवी होती नुसती शोभा. चढाईपटूनं उडी मारली की पडद्यावर त्याच्या पायाखाली लाल वर्तुळं उमटायची, किती किलोचा दाब पडला ते झळकायचं, प्रेक्षक खूश.

गिरिजाला त्या आकड्यांत वेगळंच काही दिसलं. गुडघ्याच्या आतला बंध एका झटक्यात तुटतो असं आपण समजतो. पण त्याच्या आधी कित्येक दिवस त्याचे तंतू एकेक करून उसवत असतात. खेळाडूला ते दुखत नाही, कळतही नाही. शरीराला मात्र कळतं. मांडीचा मागचा स्नायू त्या गुडघ्याला सांभाळायला सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजावा इतका थोडा वेळ आधीच आवळतो आणि पाऊल टेकताना टाच किंचित बिचकते. डोळ्याला न दिसणारं हे बिचकणं मॅट टिपते. सात हंगामांतल्या अकराशे खेळाडूंची पावलं मशीनला शिकवून गिरिजानं शून्य ते शंभरमधला एक अंक काढला. त्याला नाव तिनंच दिलं, तुटांक. आजवर तेवीस जण ऐंशीच्या वर गेले होते. त्यांतले एकवीस जण चाळीस दिवसांच्या आत गुडघ्यात मोडले. उरलेल्या दोघांनी मधेच खेळ सोडला होता, त्यामुळं त्यांचं काय झालं असतं हे सांगता येत नव्हतं.

बसूचा अंक अठ्ठ्याऐंशी होता आणि तो बसूला सांगायची तिला बंदी होती.

त्याचं असं झालं. वाहिनी दोन वर्षांपासून गाळात चालली होती. लोकांनी केबल काढून टाकली, मोबाइलवर सामन्यांचे फुकट तुकडे बघायला लागले, आणि सहा संघांना प्रक्षेपणाच्या हक्कापोटी दर हंगामाला द्यायची रक्कम वाहिनीला झेपेना. ‘पंचगंगा फायटर्स’ तर निम्मा वाहिनीच्याच मालकीचा. उरलेला निम्मा सूतगिरणीवाल्या अभयकुमार मगदूमांचा. भागीदारांचं फाटलं. मगदूम म्हणाले, थकबाकीपोटी वाहिनीचा हिस्साही माझाच. वाहिनी म्हणाली, तुमच्या संघाला नाव आमच्या पडद्यामुळं मिळालं. भांडता भांडता दोघं तुटांकावर आले. मॅट वाहिनीची म्हणून अंक वाहिनीचे, की खेळाडू संघाचे म्हणून अंक संघाचे? न्यायाधिकरणानं निकाल लागेपर्यंत सगळे अंक मोहोरबंद केले. ते सांभाळायची जबाबदारी वाहिनीच्या प्रमुख केतकी दाभोळे आणि गिरिजा या दोघींवर. बाकी कुणालाही ते सांगायचे नाहीत, आणि ‘कुणालाही’ यात खेळाडू स्वतःही आले, असं आदेशात स्पष्ट लिहिलं होतं. खेळाडूंच्या बाजूनं तिसरा दावा कुणी केलाच नव्हता.

गिरिजा त्याच दुपारी दाभोळे मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

“बसवराजला खेळवू नका, मॅडम.”

मॅडमनी अंक पाहिला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. “एकोणीस दिवसांनी हैदराबादचे लोक येतायत. दोन्ही हिस्से एकदम विकत घ्यायला. दोन वर्षांत पहिल्यांदा मगदूम आणि मी एका कागदावर सही करायला तयार झालोय. ते लोक कुणाला बघून येतायत?”

“बसूला.”

“मग?”

“तो चोवीस वर्षांचा आहे, मॅडम.”

“आपल्या वाहिनीत एकशे साठ माणसं आहेत. त्यांची वयं सांगू?” मॅडमचा आवाज अजिबात चढला नव्हता. “शिवाय हा अंक बाहेर गेला तर आदेश मोडलास तू, मी नाही. तसं पत्र मी तुला आजच देऊन ठेवते.”

गिरिजा उठली. दारापर्यंत पोचली तेव्हा मॅडमनी विचारलं, “गुडघा कोणता?”

“डावा.”

मॅडमनी डायरीत काहीतरी टिपून घेतलं. गिरिजाला वाटलं, निदान डॉक्टरांना तरी तयार राहायला सांगतील.

घरी आल्यावर ती सरळ मागांच्या खोलीत गेली. तिथल्या खडखडाटात बोललेलं तिसऱ्याला ऐकू जात नसे. तिनं सांगितलं तसा मल्लिनाथनं जवळचा माग बंद केला आणि हात पुसत उभा राहिला.

“बसूला बोललीस?”

“नाही.”

“मग बोलू नकोस.”

“अहो, तुमचा भाऊ आहे तो!”

“म्हणून तर सांगतोय. खेळताना मोडला तर विम्यातनं पाच वर्षं पगार मिळतोय त्याला. आधीपास्नं ठाऊक हुतं असं निघालं तर दमडी न्हाई. करार मीच वाचलाय, मीच सही करून घेतलीय त्याची.”

“आणि पाय?”

“ऑपरेशन करत्यात की.”

“त्यानंतर तो पुन्हा तसा खेळणार नाही.”

“तू सांगितलंस तरी कुठं खेळणार हाय?” मल्लिनाथ म्हणाला आणि त्यानं माग सुरू केला.

पुढचे दिवस ती बसूच्या पायाकडं बघत राहिली. तो जिना चढताना, चपला घालताना, पाटावरून उठताना. त्याच्या ते लक्षात आलं.

“वैनी, पायाकडं काय बघताय सारखं? नवीन बूट घेणार हायसा काय?”

“दोन सामने विश्रांती घे की रे. दमलास तू.”

“हैदराबादवालं बघायला येणार आन् मी घरात? नाव बसू हाय म्हणून काय बसूनच ऱ्हाऊ?”

अव्वा तोंडाला पदर लावून हसली. गिरिजाही हसली. तेवढ्यात तो एका पायावर उड्या मारत मोरीकडं गेला, डाव्याच पायावर, आणि तिची तव्यावरची भाकरी करपली.

बाराव्या दिवशी रविवारी दुपारी इचलकरंजीच्याच हॉलमध्ये सामना होता. गिरिजा बाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या गाडीत आपल्या पडद्यापुढं बसली होती. मध्यंतराला बसूचा अंक एक्याण्णव झाला. दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला त्र्याण्णव. तिनं नजर काढली ती समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर पडली. कोणत्या कॅमेऱ्यानं काय टिपायचं याची ती यादी. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: कॅमेरा सहा, जमिनीलगत, नऊ नंबरचा डावा गुडघा, सतत, संथ गतीत.

“हे कुणी सांगितलं?” तिनं दिग्दर्शकाला विचारलं.

“दाभोळे मॅडमनी. काय माहीत कशाला! गेले चार सामने एक कॅमेरा त्यातच अडकून पडलाय.”

डायरीत काय टिपलं गेलं होतं ते गिरिजाला तेव्हा कळलं. भिंतीवरच्या सहाव्या चौकोनात बसूचा गुडघा पडदाभर दिसत होता. वाकत होता, सरळ होत होता, त्यावरचा घाम चकाकत होता. आकडा चौऱ्याण्णव झाला. ती खुर्ची लोटून उठली आणि धावत सुटली. दारावरच्या माणसानं तिचं ओळखपत्र बघून वाट सोडली. मैदानाच्या कडेला वेळाधिकाऱ्यांचं टेबल होतं, त्यावर दोन्ही हात आपटून ती ओरडली, “थांबवा! नऊ नंबरला बाहेर काढा! त्याचा डावा गुडघा तुटणार आहे. तुटांक चौऱ्याण्णव आहे त्याचा!”

टेबलावरचा माइक चालू होता. तिचा आवाज आधी हॉलभर घुमला आणि मग जिथं जिथं सामना दिसत होता त्या प्रत्येक घरात गेला.

बसू मध्यरेषेवर होता, चढाईचा श्वास छातीत भरून. त्यानं आधी खाली गुडघ्याकडं पाहिलं, मग वहिनीकडं. पंचांनी शिट्टी वाजवली. दुखत काहीच नव्हतं, तरी बाहेर जाताना तो लंगडला.

हैदराबादचे लोक फिरकलेच नाहीत. विमा कंपनीचं पत्र चौथ्या दिवशी आलं. खेळाडूच्या घरातच ही माहिती होती, सबब करार रद्द. मगदूमांनी दाभोळे मॅडमवर दावा ठोकला, मॅडमनी मगदूमांवर, आणि दोघांनी मिळून गिरिजावर. तिची नोकरी गेली, दंड बसला, तो मल्लिनाथनं भरला. तीन महिन्यांत वाहिनी बंद पडली. एकशे साठ माणसं घरी गेली आणि त्यांतल्या काहींनी गिरिजाला फोन करून काय बोलायचं ते बोलून घेतलं. संघ लीगमधून काढून टाकला गेला.

बसूच्या गुडघ्याचा एमआरआय काढला, त्यात काहीच सापडलं नाही. एवढे बारीक तंतू एमआरआयमध्ये दिसत नाहीत, असं गिरिजानं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, “मग मी काय बघू?” बाकीच्या पाच संघांचे दरवाजे बसूनं एकेक करून ठोठावले. सगळ्यांनी चहा पाजला. चौऱ्याण्णव अंक असलेला गुडघा विकत कोण घेणार?

मॅटचं मात्र नशीब उघडलं. एका बाईनं भर सामन्यात केलेल्या ओरड्यामुळं तुटांक हा शब्द घराघरांत पोचला होता. न्यायाधिकरणानं निकाल दिला की ज्याची मॅट, त्याचे अंक. मग काय, कुरिअरच्या गोदामांनी दारात मॅट टाकली. कारखान्यांनी टाकली. ज्याचा अंक साठच्या वर त्याला ओझ्याच्या कामावर घ्यायचं नाही, अशी पद्धत पडली आणि एकदा लागलेला अंक एका जागेहून दुसऱ्या जागी फिरू लागला. मल्लिनाथचे सहा माग होते, त्यांचे चोवीस झाले. खोली पुरेना म्हणून शेजारची जागा घेतली. घरात पहिल्यांदाच सुबत्ता आली आणि अव्वानं गिरिजाशी बोलणं सोडलं. ताट वाढून पुढं सरकवायची, तोंडातून अक्षर नाही.

बसूनं पोलीस भरतीचा अर्ज आणला. तिसऱ्या पानावर एक रकाना होता, ‘आजवरचा सर्वांत जास्त तुटांक’. खोटं लिहून उपयोग नव्हता, सगळ्या महाराष्ट्रानं तो आकडा ऐकला होता. अर्ज परत आला. मग गोदामात हमालीला गेला. तिथला मुकादम त्याच्याबरोबर फोटो काढून घेऊन म्हणाला, “भाऊ, तुला ठेवला तर माझी नोकरी जाईल.”

सामन्याला आठ महिने झाले तेव्हाची गोष्ट. सकाळी गिरिजा मॅटच्या गुंडाळ्यांवर चिठ्ठ्या लावत होती. अंगणातून हाक आली.

“वैनी, भायेर या.”

बसू अंगणाच्या मधोमध उभा होता. अव्वा पायरीवर बसली होती. गिरिजा दारात आल्याचं बघून बसूनं कान धरले आणि उठाबशा काढायला लागला. अव्वा मोठ्यानं मोजत होती. शंभर झाल्या, दोनशे झाल्या. शेजारणी गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या. “पुरे, बसू,” गिरिजा म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. अव्वाचा आकडा चुकला नाही. पाचशे झाल्यावर तो गोठ्याच्या भिंतीवर चढला आणि तिथून डाव्या पायावर खाली उडी मारली. पुन्हा चढला, पुन्हा मारली.

“आता मॅट अंथरा,” तो धापा टाकत म्हणाला.

तिनं मॅट अंथरली, मशीन जोडलं. तो त्यावर धावला, वळला, उड्या मारल्या. अंक आला बारा.

“बारा,” बसू म्हणाला. “म्हंजे मशीन चुकलं हुतं.”

“आठ महिने पायाला आराम मिळाला. तंतू भरून येऊ शकतात.”

“म्हंजे मशीन बरोबर हुतं.”

“असू शकतं.”

“वैनी, एक कायतरी सांगा ओ.” त्याचा आवाज फुटला. “त्या दिवशी खेळलो असतो तर तुटला असता का न्हाई?”

तेवीसपैकी एकवीस, हे गिरिजाला पाठ होतं. बसू आता त्या उरलेल्या दोघांच्या रांगेत जाऊन बसला होता. तुटला असता असं ठामपणे सांगितलं तर त्याला बरं वाटेल, हे तिला दिसत होतं. मशीन चुकलं असं सांगितलं तर निदान चिडायला तरी कुणी मिळेल.

“मला माहीत नाही, बसू.”

तो मॅटवरून खाली उतरला. “मोडला असता तर बरं हुतं,” तो शेवटी म्हणाला. “मोडल्यालं माणूस लोकांस्नी कळतंय तरी. माझं काय झालंय, कुणाला काय सांगू?”

त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला. जाताना अव्वाच्या पाया पडला, मल्लिनाथच्या पडला. गिरिजाच्याही पडला, तेव्हा तिनं पाय मागं घेतले.

वर्षभर त्याचा पत्ता नव्हता. मग मागावरच्या एका कामगारानं सांगितलं की सीमेकडच्या गावांत, उरुसाला आणि जत्रांना, मातीवरची कबड्डी अजून होते. तिथं मॅट नाही, नावही कुणी विचारत नाही. बसू दाढी वाढवून तिथं खेळतो. गिरिजानं गावाचं नाव विचारून घेतलं आणि घरात कुणाला न सांगता एसटीनं निघाली.

पोचली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. मैदान म्हणजे नांगरून पाणी मारलेली जमीन, चुन्याच्या रेघा, कडेला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. ती बायकांत जाऊन बसली. बसू तिला लगेच सापडला. वाळला होता, पण चाल तीच होती. वाकून, हात जमिनीलगत फिरवत तो पलीकडच्या गोटात शिरला की माणसं उभी राहत.

गिरिजा त्याच्या डाव्या गुडघ्याकडं बघत होती. घरून निघताना तिनं स्वतःला सांगितलं होतं की त्याला डोळे भरून बघायचं आणि परत यायचं. पण ती तोंड बघतच नव्हती. तो वळला की तिची नजर खाली जात होती. टाच टेकताना बिचकते का, उडीनंतर पाय थांबतो का, हे ती शोधत होती.

तिसऱ्या चढाईत चौघांनी त्याला धरलं. एकानं कंबर, एकानं घोटा, आणि बाकीचे दोघे अंगावर कोसळले. डावा पाय खाली दुमडला गेला. तो कसा दुमडला ते गिरिजाला लांबूनही स्वच्छ दिसलं. अशाच कोनात त्या एकवीस जणांचे पाय गेले होते. बायका किंचाळल्या. गिरिजा उभी राहिली. तिच्या छातीतून काहीतरी सुटून मोकळं झालं, पावणेदोन वर्षं धरून ठेवलेला श्वास सुटावा तसं, आणि तिच्या तोंडातून हलकेच शब्द गेला, “तुटला.”

मातीचा ढीग हलला. त्यातून एक हात बाहेर आला आणि सरपटत सरपटत चुन्याच्या मध्यरेषेला टेकला. चार गुण. हलगी वाजायला लागली. बसू चौघांच्या खालून निघाला, दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला आणि मांड्यांवरची माती झटकली.

गिरिजा उभीच होती. आपल्याला काय होतंय हे तिला नीट कळत होतं आणि ते कळू नये असं वाटत होतं. तेवढ्यात बसूनं तिला पाहिलं. तो कडेपर्यंत चालत आला, न लंगडता. तिच्या चेहऱ्याकडं त्यानं जरा वेळ बघितलं.

“वाईट वाटलं व्हय, वैनी?” त्यानं विचारलं, नेहमीच्याच अदबीनं.

गिरिजा “नाही” म्हणाली. पण ते म्हणायला तिला इतका वेळ लागला, की तोवर तो पुढच्या चढाईसाठी मध्यरेषेपर्यंत पोचला होता.